तव्याआधी तू बोलली होतीस

सुमन,

तू गेल्यावर वर्षानं ठेवलेल्या तुझ्या पुण्यानुमोदनाला काय झालं ते तुला सांगायला दुसरं कोणी येणार नाही, म्हणून मीच बसले आहे. मधेच भरकटले तर रागावू नकोस, माझी सवय तुला ठाऊक आहे. फोनवरसुद्धा तू म्हणायचीस, "बाई, तुमी अकोल्याहून निघता अन् बडनेऱ्यातच हिंडत बसता, अमरावतीत कवा येता?" येते. पण मधली गावं घेत घेत येते, त्याशिवाय मला जमत नाही.

आपण जावा. मी थोरली, तू धाकटी. तू तिवशाहून लग्न होऊन आलीस तेव्हा अकोल्याचं आपलं घर म्हणजे दोन खोल्या आणि मागं पत्र्याचं स्वयंपाकघर. महिन्यातून एका रविवारी घरी कोंबडी यायची, जिवंत, पाय बांधलेली. एका कोंबडीला तंगड्या दोन आणि घरात भाऊ दोन. म्हणून तंगड्या रश्शात टाकायच्या नाहीत, वेगळ्या काढून तव्यावर तळायच्या, एक तुझ्या भासऱ्याला म्हणजे माझ्या नवऱ्याला, आणि एक तुझ्या नवऱ्याला, प्रकाशभाऊंना. हे कोणी ठरवलं होतं देव जाणे. मान, पाठ, पंख, पाय आपल्याकडे. मी त्या घरात सात वर्षं कोंबडी शिजवली होती आणि तंगडी कशी लागते ते मला माहीत नव्हतं.

तू आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी कोंबडी कापायची माझी पाळी होती. सुरी नीट चालली नाही आणि ती अर्धी कापलेली कोंबडी माझ्या हातातून सुटून अंगणभर नाचली. भिंतीवर, धुण्यावर, माझ्या तोंडावर रक्त. तू नवी नवरी, हातावरची मेंदी अजून उतरली नव्हती. तू उठलीस, कोंबडी पकडलीस, पायाखाली दाबलीस आणि एका झटक्यात संपवलंस. मग माझ्याकडं बघून म्हणालीस, "मारायचं त मारून टाका ना बाई. अर्धं काहून सोडता?"

मी तुला घाबरले त्या दिवशी. खरं सांगते.

तुझी आई नागपूर रोडवरच्या धाब्यावर स्वयंपाक करायची. तंगडी तळणं तू तिच्याकडून शिकलीस आणि मी तुझ्याकडून. तीन चिरा, हाडापर्यंत. "वरवर चिरून काय होते? हाडाले सुरी लागली पाह्यजे, खट आवाज आला पाह्यजे." मग मीठ, हळद, लिंबू, भरपूर लसूण, आपलं लाल तिखट, आणि तासभर झाकून ठेवायची. लोखंडी खोलगट तवा, तेल थोडंच. आधी मोठ्या आचेवर दोन्हीकडून चटका द्यायचा, मग आच कमी, वर झाकण, अधूनमधून कडेनं पाण्याचा शिपका. सराट्यानं दाबून बघायचं, चिरेतून पांढरं पाणी आलं तर झाली, लाल आलं तर नाही. "तंगडीले घाई चालत नाई, बाई. वरून जळून जाते अन् आतून जित्तीच राह्यते." हे तुझं वाक्य. मी ते ऐकलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. किंवा झालं असतं, दुसऱ्या कशावरून झालं असतं. ह्यांना निमित्त लागत नसे.

आता ती दुसरी गोष्ट, तुझ्या न बोलण्याची. तुझ्या पोरीच्या, वर्षाच्या पिढीला सांगितलं तर हसतात. आपलं पंचशील म्हणणारं घर, दारात माणूस आला की जयभीम, पण धाकट्या सुनेनं भासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही, पदर कपाळाच्या खाली, त्यांची सावली अंगावर घ्यायची नाही, हे मात्र जसंच्या तसं. मी घरात असले तर तू मला सांगायचीस आणि मी ह्यांना. मी नसले तर तू माठाला सांगायचीस. "माठा, सांग बाप्पा, बाई दळनाले गेली." आणि हेही तिकडून ओरडायचे, "माठा, तिले म्हन चहा ठेव." जेवण तयार झालं की दाराआड दोनदा बांगड्या वाजवायचीस. सहा वर्षं! सहा वर्षं एका माठानं तुम्हा दोघांचं बोलणं इकडचं तिकडं केलं. आपण दोघी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून हसायचो. तू म्हणायचीस, "बाई, तो माठ फुटला त मी बोलू कोनाशी?"

सगळ्या वस्तीला हे माहीत होतं. प्रकाशची बायको भासऱ्यासमोर बोलत नाही. चांगल्या घरची आहे म्हणायचे.

आणि माझा मार तू पाहायचीस. पाहायचीस म्हणजे ऐकायचीस, दुसऱ्या खोलीतून. भासरा थोरलीला मारतो तेव्हा धाकटीनं मधे यायचं नसतं, प्रकाशभाऊही यायचे नाहीत. सकाळी तू माझ्या पाठीवर गरम मिठाची पुरचुंडी फिरवायचीस आणि काही बोलायची नाहीस. एकदाच म्हणालीस, "बाई, तुमी ओरडत काहून नाई?" मी म्हटलं, "ओरडून कोन येईन?" तू पुरचुंडी फिरवत राहिलीस.

तो रविवार. तुझ्यासमोर पुन्हा काय सांगायचं, तू तिथंच होतीस, पण मी तो आजवर कोणाला खरा सांगितला नव्हता, म्हणून पहिल्यापासून सांगू दे.

तू चुलीवर भाकरी करत होतीस. तंगड्या माझ्याकडं होत्या, स्टोव्हवर. बाहेरून हे ओरडायला लागले, झालं का, किती वेळ, माणसं भुकी मरून राह्यली. मी घाबरून वात पूर्ण वर केली. चिरा मी घाईत वरवरच मारल्या होत्या. एका बाजूनं काळी झाली, उलटी केली, दुसऱ्या बाजूनं काळी झाली. तू म्हणालीस, "नाई झाली बाई, झाकन ठेवा, दहा मिंटं." मी ऐकलं नाही. एक तंगडी ताटात टाकून बाहेर नेऊन दिली आणि प्रकाशभाऊंची तव्यावर ठेवली.

ह्यांनी पहिला घास तोडला आणि हाडाजवळ लाल रक्त निघालं.

ते ताट घेऊन आत आले. स्वयंपाकघरात पुरुष येत नसत, तू घाईघाईनं पदर ओढून भिंतीकडं तोंड केलंस. त्यांनी ती तंगडी माझ्या तोंडावर फेकली. हाड भुवईला लागलं, ती खूण अजून आहे.

"हे काय आहे?"

"थोडी कच्ची राह्यली, आना, पुन्हा ठेवते."

"कच्चं कशाले म्हनतेत तुले मालूम नाई? थांब, दाखवतो."

माझं मनगट धरलं आणि उजवा तळहात तव्याकडं नेला. मी मूठ आवळली. त्यांनी बोटं एक एक करून उघडली, लहान पोराच्या मुठीतून पैसा काढतात तशी. आणि तळवा तव्याच्या काठावर टेकवला. ओरडले का मी? मला आठवत नाही. कातडी जळते तेव्हा तिचा वास कोंबडीसारखाच येतो, एवढं आठवतं. त्यानंतर दोन वर्षं मला कोंबडी खाता आली नाही.

तेव्हा तू बोललीस.

"सोडा."

ह्यांनी इकडंतिकडं पाहिलं. खरंच, सुमन, त्यांना कळेना आवाज कुठून आला. सहा वर्षांत त्यांनी तुझा आवाज समोरून ऐकलाच नव्हता. "कोन बोललं?"

"मी बोलली. सोडा बाईचा हात."

त्यांना काय म्हणून हाक मारायची तेसुद्धा तुला माहीत नव्हतं. दादा, भाऊजी, काहीच नाही. हाक मारायची वेळच कधी आली नव्हती. पदर खाली पडला होता, तोंडाला पीठ लागलेलं, आणि तू सरळ त्यांच्या डोळ्यांत पाहत होतीस.

ते हसले. "प्रकाशची बायको बोलते वाटते! मले वाटलं मुकी आनली." आणि माझा हात पुन्हा दाबला, आता मुद्दाम, तुझ्याकडं पाहत.

तू सांडशी उचललीस. आमच्या दोघांच्या हाताखालून तवा ओढून काढलास आणि तसाच, तेलासकट, तंगडीसकट, त्यांच्या डोक्यावर घातलास. लोखंड कानाला लागलं. तेल मानेवरून खांद्यावर उतरलं. त्यांचं ओरडणं पलीकडच्या गल्लीत ऐकू गेलं म्हणे. ते गुडघ्यावर बसले, आणि तू तवा खाली ठेवला नाहीस. सांडशीत धरून उभी होतीस. अजून एकदा मारशील असं मला वाटलं. आणि सुमन, आज सांगते, मारावं असं मला वाटत होतं. अर्धं काहून सोडते, असं.

सरकारी दवाखान्यात हवालदार आला. बरा माणूस होता, घाईत नव्हता. ह्यांच्या मानेला, कानाला पट्ट्या. हे म्हणाले, भावसुनेनं मुद्दाम जाळलं, कारण काही नाही, पहिल्यापासूनच डोक्यानं तशी आहे. हवालदारानं मला बाजूला घेतलं. तू बाकाच्या दुसऱ्या टोकाला, प्रकाशभाऊंच्या शेजारी. माझा हात पदराखाली होता, त्यावर मी हळद आणि फडकं बांधलं होतं.

"बाई, तुमच्या मालकानं काही मारझोड केली होती का?"

"नाई."

"मंग त्या बाईनं काहून टाकलं? काही बोलली असंन आधी. भांडन झालं असंन."

आणि मी म्हटलं, "ती भासऱ्यासमोर बोलत नाई, साहेब. कोनालेई विचारा."

कोणालाही विचारा! वस्तीतली दोन माणसं सोबत आली होती, त्यांनी माना हलवल्या. हो साहेब, ती बोलत नाही. खरंच होतं ना ते. सहा वर्षांचं खरं मी त्या एका दिवसाच्या खऱ्यावर झाकण म्हणून ठेवलं आणि ते घट्ट बसलं. हवालदारानं लिहून घेतलं की न बोलता, न भांडता तवा मारला. न बोलता मारणारी बाई म्हणजे वेडी नाहीतर कैदाशीण. तू माझ्याकडं पाहिलंस. रागानं नाही. कढईत काय पडलं ते बघतात तसं.

का बोलले मी तसं? हवालदार जाणार होता. प्रकाशभाऊ तुला घेऊन जाणार होते. दवाखान्यातून सुटल्यावर ह्यांच्यासोबत त्या घरात मी राहणार होते. एवढंच. याहून मोठं कारण मी खूप शोधलं, सापडलं नाही.

चार दिवसांनी वस्तीतली मोठी माणसं बसली. ह्यांनी तक्रार मागं घ्यायची, तू ह्यांचे पाय धरायचे, आणि तुम्ही दोघांनी घर सोडायचं. तू आलीस, पदर पुन्हा कपाळाखाली. वाकलीस. आणि जे पाय धरायला वाकलीस त्याच पायानं ह्यांनी तुझ्या छातीत लाथ घातली. तू उताणी पडलीस. मोठी माणसं म्हणाली, "झालं, झालं, आता फिटलं, उठा." मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते. मी सगळ्यांना चहा दिला, सुमन. तुला सोडून.

तुम्ही अमरावतीला गेलात. आणि आता जे सांगते ते तू नीट ऐक, कारण हे तुला माहीत नाही. तुझ्या तव्यानंतर ह्यांनी माझ्यावर हात उचलायचं सोडलं असं नाही. उचलला, पुष्कळदा. पण स्वयंपाकघरात कधीच नाही. उंबऱ्यापर्यंत यायचे, तिथंच थांबायचे आणि तिथून शिव्या द्यायचे. आत पाय टाकायचे नाहीत. तो उंबरा कशानं तयार झाला ते त्यांनी कधी कबूल केलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी हळूहळू माझं अंथरूण आत नेलं. कपड्यांची पेटी आत नेली. दुपारी तिथंच बसून पोरांच्या जुन्या पुस्तकांवरून अक्षरं गिरवली, वाचायला शिकले, आज हे लिहिते ते त्या पत्र्याखाली शिकलेलं. दहा फूट बाय आठ फूट जागा, सुमन. ती तू मला मारामारी करून मिळवून दिलीस आणि मी तिचं भाडं खोटं बोलून भरलं.

सहा वर्षांनी बहिणीकडं म्हणून अमरावतीला आले आणि पत्ता विचारत तुझ्या दारात उभी राहिले. तू दार उघडलंस, हात पिठाचे. मला वाटलं, आता तोंडावर दार आपटशील. तू म्हणालीस, "या बाई. चप्पल आत घ्या, कुत्रं नेते." जशी काही मी दळण घेऊन परत आले होते.

त्या दिवशी तू माझ्या ताटात तंगडी वाढलीस. एक नाही, दोन. मी म्हटलं, प्रकाशभाऊंना? तू म्हणालीस, "आता दुकानात नुसत्या तंगड्या भेटतेत, बाई. पायजे तेवढ्या. कोंबडी किती पायाची आहे ते कोनी विचारत नाई." मी खाल्लं. आयुष्यात पहिल्यांदा, पंचेचाळीसाव्या वर्षी. लसूण हाडापर्यंत गेला होता. मी खाताना रडत होते आणि तू पाण्याचा तांब्या सरकवून म्हणालीस, "तिखट झाली का?"

मग म्हणालीस, "हात दाखवा." मी उजवा तळवा उघडला. तू बोटानं तो डाग चाचपलास, पोळीचा पापुद्रा बघतात तसा, आणि सोडून दिलास.

मी सुरू केलं, "सुमन, त्या दिवशी हवालदाराले मी..."

"खा आधी. थंडी झाली का चरबी थिजते."

दर वेळी तू हेच केलंस. वर्षातून दोनदा, तीनदा मी यायचे, ह्यांना दवाखान्याचं नाव सांगून. दर वेळी मी सुरू करायचे आणि दर वेळी तू ताटात काहीतरी वाढायचीस. मी स्वतःला सांगायचे, तिलाच नको आहे तो विषय. पण मी चमचाभर जास्त जोर लावला असता तर तू ऐकलं असतंस. मी नाही लावला. मला ती तंगडी बरी वाटायची.

त्याऐवजी आपण झाकणावरून भांडायचो. तुझं म्हणणं झाकण पाहिजे. माझं म्हणणं नको, मला डोळ्यासमोर दिसलं पाहिजे काय होतं ते. मागच्या महिन्यात फोनवर केवढं भांडलो! तू म्हणालीस, "तुमाले भरोसाच नाई कोनाचा. झाकनाखाली होते ते होऊ द्या ना." मी म्हटलं, "तू मले नको शिकवू, मी तुह्याहून मोठी आहे," आणि फोन ठेवला. मोठी! त्यानंतर दहा-बारा दिवसांनी वर्षाचा फोन आला. तुझी ही एकुलती पोर, बोलताना दातावर दात ठेवून बोलत होती. "मोठी आई, आई गेली."

ह्यांना सांगितलं. हे खाटेवर होते. आता सत्तरी उलटली, दात गेले, मी मटण कुस्करून देते तेव्हा खातात. डाव्या कानाची पाळी वितळल्यासारखी, मान आखडलेली. अठ्ठावीस वर्षं तो कान हे पाहुण्यांना दाखवत आले. सुनांना, नातवांना, व्याह्यांना. माही चूक काही नाई, बसल्या जागी जाळलं मले, एक शब्द नाई बोलली. घरातली पोरं तुला तवावाली म्हणतात. तुझं नाव सुमन आहे हे माझ्या धाकट्या नातीला त्या दिवशी कळलं. हे म्हणाले, "गेली का तवावाली? चाला, जाऊ. आपल्या तरफून काही राह्यलं नाई पायजे."

तर आता आले अमरावतीत.

वर्षानं घरासमोर मांडव टाकला होता. तुझा फोटो, आधीच गेलेल्या प्रकाशभाऊंच्या फोटोशेजारी, पांढरी फुलं, मेणबत्त्या. वंदना झाली. मग एकेक जण उठून तुझ्याबद्दल दोन शब्द बोलायला लागला. शेजारची बाई बोलली, बचत गटातली बोलली. सगळ्या म्हणाल्या मनानं चांगली होती, पण रागीट. दर वेळी तो 'पण'. तुझ्या गल्लीपर्यंत तो पोचला होता.

मग हे उठले. काठी टेकत पुढं गेले, डावा कान लोकांकडं करून उभे राहिले. म्हणाले, "माह्या संगं तिनं जे केलं ते सगळ्याइले मालूम आहे. मी त्याच्यावर बोलत नाई. मेलेल्या मानसाचं वाईट बोलू नये. आज तिच्या फोटोसमोर सांगतो का मी तिले माफ केलं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या, सुमन. पुण्यानुमोदनात टाळ्या! एक मास्तर पुटपुटले, केवढं मन.

मला कोणी नाव घेऊन बोलावलं नव्हतं. माझे पाय उठले. माईकसमोर गेले आणि तो डाव्या हातानं धरला.

"मी हिची जाऊ. थोरली. तव्याआधी ही बोलली होती. दोनदा बोलली. सोडा म्हनली, मंग सोडा बाईचा हात म्हनली. ह्याईनं माहा हात तव्यावर धरला होता." मी तळवा वर केला आणि सगळ्यांकडं फिरवला, "हा. तंगडी कच्ची राह्यली म्हनून. मी पोलिसाले खोटं सांगितलं. ती बोलत नाई म्हनून सांगितलं. ती बोलली होती."

"बस खाली!" हे ओरडले. "बुडी भ्रमली! बस खाली म्हनतो!"

मी बसले नाही. मी लाथेचंही सांगितलं. हे पुढं आले आणि काठी उचलून माझ्या खांद्यावर हाणली, सत्तर माणसांसमोर, तुझ्या फोटोसमोर. दुसरी मानेवर बसली. माईक खाली पडला आणि किंचाळल्यासारखा वाजला. मी म्हटलं, "अशीच. ह्याच हातानं." तिसरी उचलली तेव्हा कोणीतरी काठी धरली. आता माझा खांदा काळानिळा आहे, हे लिहिताना थांबावं लागतं. पण एवढं मात्र झालं, टाळ्या वाजवणाऱ्या एकालाही मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

मग वर्षा आली. पांढऱ्या साडीत तू आल्यासारखी वाटली, तीच चाल. तिनं माझा तळवा हातात घेतला. पाहिला.

"आईनं मले सांगितलं होतं का तिचा पाय घसरला अन् तवा सांडला," ती म्हणाली. "मी लहानपनापासून तेच आयकत आली. अकोल्याचे लोक खोटं बोलतेत, मी पाय घसरून पडली, असं म्हने. मी मोठी झाल्यावर मले वाटे, आई खोटं बोलते, हिनं मुद्दामच जाळलं असंन. मी माह्या मायले खोटारडी समजली, मोठी आई."

तू हे केलंस होय, सुमन? माझं खोटं उघडं पडू नये म्हणून पोटच्या पोरीसमोर स्वतःचं खोटं रचलंस? एवढ्या वेळा तुझ्या घरी जेवले, तू एकदाही बोलली नाहीस. मी म्हणाले होते ना ती बोलत नाही. ते तू जन्मभर खरं करून दाखवलंस.

वर्षानं माझा हात झटकून टाकला, एवढ्या जोरात की बांगडी फुटली आणि मनगटात घुसली. "तुमी येत होत्या आमच्या घरी. वर्षातून तीन-तीनदा. तिच्या हातचं खात होत्या."

"हो."

"घास उतरत होता?"

खोटं बोलायची सवय जात नाही लवकर. तोंडात आलं होतं की नाही गं, कसा उतरेल.

"उतरत होता," मी म्हटलं.

तिनं मला मारलं असतं तर मी हात आडवा केला नसता. ती मांडवाकडं वळून मोठ्यानं म्हणाली, "पंगत बसते आहे, सगळ्याइनं जेवून जा. कोनी उपाशी जाऊ नका." मग आम्हा दोघांकडं वळली. "तुमी नाई. मोठे बाबा, तुमी नाई. अन् मोठी आई, तुमीई नाई."

एका पाहुण्यानं मधे पडायचा प्रयत्न केला, अगं, वडीलधारी माणसं, अशा दिवशी. वर्षा त्याला म्हणाली, "तुमी बसा जेवाले."

हे शिव्या देत रिक्षाकडं गेले. मी चप्पल शोधली. मांडवातून जाताना पंगतीतल्या माना वर झाल्या. वांग्याची भाजी, पोळ्या, वरण-भात, बुंदी, सगळं वाढून झालं होतं आणि सकाळपासून मी चहासुद्धा घेतला नव्हता. पण कोणी तुझ्याबद्दल बोलत होतं. बचत गटातली ती बाई पाट सरकवत शेजारणीला म्हणत होती, "बोलली होती म्हने आधी. दोनदा." तिच्या वाक्यात 'पण' नव्हता.

वर्षा दारात पाठ करून उभी राहिली, मी बाहेर पडेपर्यंत. तिनं बरोबर केलं. तू मला त्या घरातून एकदाही जेवल्याशिवाय जाऊ दिलं नव्हतंस. तुझ्या पोरीनं मला उपाशी घालवलं, आणि तुझ्या दारातून निघताना मी पहिल्यांदा मान वर करून चालले.